खळग्यातल्या घराचा फोन

२०१४ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो. त्या साली लोक घरातले फोन काढून टाकत होते आणि मी नवीन लावून घ्यायला निघालो होतो. भोरच्या टेलिफोन ऑफिसात माझ्यापुढं तिघंजण उभे होते. तिघांच्याही पिशवीत फोनचं डबडं, वायर गुंडाळून परत करायला आणलेलं. माझी पाळी आली तसं खिडकीतल्या बाईंनी वर न बघताच विचारलं, "बंद करायचाय ना, बाबा?"

"न्हाई. लावायचाय."

मग त्यांनी वर बघितलं.

"मोबाईल नाही का घरी?"

"हाय. पण घरात लागत न्हाई."

"मग बाहेर येऊन बोलायचं."

मागं उभे असलेले दोघं हसले. मी म्हणालो, "माझ्या बायकोला बाहेर येऊन बोलंपर्यंत दम पुरत न्हाई." त्यावर कोणी हसलं नाही. बाईंनी अर्ज दिला आणि कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली. मला ती फुली आवडली नाही. मी दुसरीतून शाळा सोडली हे खरं, पण सहीची जागा मला समजते. मी फुली खोडून काढली आणि मग सही केली.

आता घराचं सांगतो. आमचं गाव भोर आणि वेल्हे दोन्ही तालुक्यांच्या शिवेवर, डोंगराच्या पायथ्याला. जुनं घर वर रस्त्याकडेला, एसटी थांबते तिथंच. त्यात एका भिंतीच्या अलीकडं मी आणि पलीकडं माझा धाकटा भाऊ. धाकटा दहावी झालेला, सोसायटीत सेक्रेटरी होता. वडील गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा त्यानं कागद तयार करून आणला. मी कागद हातात घेऊन एकेक अक्षर लावत होतो. गावातली चार माणसं बसलेली. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "दादा, वाचत बसू नको, तुला कळायचं न्हाई. हितं सही कर." मी केली. नंतर तो कागद मी दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला. एका गुंठ्याचीही लबाडी नव्हती. कागद बरोबर होता. बोलणं बरोबर नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. अकरा वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही एकमेकांचं खोकणं ऐकत राहिलो.

म्हणून मी नवीन घर बांधलं. माझ्या वाट्याला खाली खळग्यात जमीन आली होती, तिथं. सगळे सांगत होते, खळग्यात बांधू नका, तिन्ही बाजूंनी डोंगर, मोबाईलला रेंज नाही, रस्ता लांब. धाकट्यानंही निरोप पाठवला होता की वरच्या पट्टीत बांध म्हणावं, मी देतो बदलून. त्याचा निरोप आला म्हणूनच मी खाली बांधलं. जुन्या घरातला माझा अर्धा भाग पाडला, त्याचे दगड पायाला वापरले. दोन खोल्या, स्लॅब, पुढं शहाबादी फरशीची पडवी. विटा मी स्वतः भिजवल्या, पाणी मी मारलं. घर चांगलं झालं. पण मोबाईल त्या घरात फक्त घड्याळ बघायच्या कामाचा.

वास्तुशांत होऊन महिना झाला नसेल. बायकोला दम्याचा त्रास जुना. एके दुपारी तिला उबळ आली ती थांबेना. ओठ निळे पडायला लागले. मी मोबाईल घेऊन माळावर पळालो. माळावर एक सपाट दगड आहे, त्यावर चढलं की रेंजच्या काड्या दिसतात. त्या वयात ती चढण चढायला मला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. तिला माहीत आहे, कारण ती घरात एकटी पडून मोजत होती. शिवऱ्याला हायवेवर जावयाचं पंक्चरचं दुकान आहे. त्याला फोन केला, तो जीप घेऊन आला. भोरच्या दवाखान्यात तीन दिवस ठेवलं.

घरी आल्यावर ती पडवीत बसली आणि शांतपणे म्हणाली, "पावसाच्या आत ह्या घरात फोन लागला तर मी हितं राहीन. न्हाई लागला तर मी लेकीकडं चालले."

"लेकीच्या दारात राहशील? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणत्याल ते तुमी ऐका. मला तेवढा दम न्हाई."

चाळीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. म्हणून मी भोरला गेलो.

अर्जाला घरपट्टीची पावती लागत होती, आणि नवीन घर ग्रामपंचायतीच्या वहीत चढलेलं नव्हतं. ग्रामसेवक आठवड्यातून एकदा यायचा. त्याला गाठण्यात पौष गेला. माघात लायनमन आला. मध्यम वयाचा, पोटाला चामड्याचा पट्टा, बोलायला मोकळा. तो वर रस्त्यावर उभा राहून खाली माझ्या घराकडं बघत राहिला.

"बाबा, घर बांधलं का लपवलं?"

मग त्यानं सांगितलं. शेवटचा खांब धाकट्याच्या गोठ्याजवळ आहे. तिथून तार धाकट्याच्या घराच्या भिंतीला एक लोखंडी हूक मारून घ्यायची आणि सरळ खाली सोडायची. एका दिवसाचं काम.

"त्यांना विचारा आणि मला सांगा."

"दुसरी वाट काढा."

"दुसरी वाट नाही, बाबा. एक हूक आहे. भिंत काय पडणार आहे त्यानं?"

"भिंतीचं म्या बोलत न्हाई. दुसरी वाट सांगा."

त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, जमिनीतून न्यायची तर पाइपात घालून, दोन फूट खोल चर खणून. ऑफिस तेवढं खणून देणार नाही. मी म्हणालो, "खणायला कुणाला सांगितलंय? म्या खणतो."

बारा दिवस खणलं. गोठ्याजवळच्या खांबापासून सरकारी रस्त्याची कड धरून, मग माझ्या बांधाबांधानं, मग माझ्या भातखाचरातून घरापर्यंत. सकाळी बायको भाकरी घेऊन यायची आणि चराच्या कडेला बसायची.  एके दिवशी म्हणाली, "एवढं खणण्यापरास दोन शब्द बोलला असता." मी टिकाव मारत राहिलो. सगळीकडं दोन फूट गेलो, फक्त घराच्या वरच्या लहान खाचरात खाली कातळ लागला. तिथं वीतभरच खोली मिळाली. काळा पाइप अंथरला, वर माती ओढली, पायानं दाबली.

लायनमन तार ओढायला आला तेव्हा त्यानं तिथं पाय ठेवून विचारलं, "इथं वर आहे, बाबा. नांगर-बिंगर लागणार नाही ना?"

"जागा माझी हाय. नांगरणार कोण? म्याच."

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला. लायनमननंच वरून खांबावरून लावून बघितला होता, पण बायको इतकी दचकली की हातातलं पीठ सांडलं. मग लेकीचा फोन आला. बायकोनं तो कानाला असा दाबून धरला होता की कान लाल झाला. तिला आकडे वाचता येत नाहीत. लेकीचा नंबर तिनं बटनांच्या जागांवरून पाठ केला. वरच्या ओळीतलं कडेचं, मग मधलं, मग एकदम खालचं, असं बोट फिरवत. दोन दिवस फोन न उचलता नुसतं बोट फिरवत होती. तिसऱ्या दिवशी बरोबर लागला. लेक पलीकडून म्हणाली, "आई, कोणी लावून दिला?" ही म्हणाली, "कोणी कशाला? माझं बोट न्हाई का?"

रोज संध्याकाळी दोघी बोलायच्या. स्वयंपाक काय केला, जावयाच्या दुकानात कोण आलं, नातीला दात आला. मी पडवीत बसून ऐकायचो. मला वाटायचं, जिंकलो.

होळी झाली. आमच्याकडं भाताचं रोप जिथं टाकायचं ती जागा पावसाआधी भाजून घेतात. शेण, पालापाचोळा, झाडांचे तोडलेले डहाळे थरानं पसरायचे, वर बारीक माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. त्याला राब म्हणतात. जमीन भाजली की तण उगवत नाही, रोप तरतरीत येतं. माझा राब चाळीस वर्षं एकाच जागेवर असतो. त्या जागेवर माझे वडील राब भाजायचे. हात आपोआप तिकडंच वळतात. मी चार दिवस डहाळे वाहिले आणि पाचव्या दिवशी पेटवला. चांगला भाजला. दुपारपर्यंत वारा पडला आणि धूर खळग्यात बसला.

मी राबापाशीच होतो. आग बांधाच्या पलीकडं जाऊ नये म्हणून ओलं फडकं घेऊन उभा होतो. संध्याकाळी घरी आलो तर बायको पडवीच्या खांबाला पाठ लावून बसलेली, डोळे लाल, हातात फोनचा रिसिव्हर. रिसिव्हरची वायर दरवाजातून ताणलेली.

"धुरानं श्वास घेता येईना. लेकीला लावायला गेले." थांबून थांबून बोलत होती. "फोन मुका झालाय."

मी रिसिव्हर कानाला लावला. आत काहीच नव्हतं.

"हाक तरी मारायचीस."

"किती येळ मारली."

त्या दिवशी मला जी भीती वाटली ती मी कोणाला सांगितली नाही. मला भीती ठेवायला जागा नसते, तिचा लगेच राग होतो. आणि त्याच दिवशी सकाळी मी धाकट्याला खांबाजवळ बघितलं होतं, हातात कोयता. तो गोठ्यावर आलेली बाभळीची फांदी तोडत होता. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. आता सगळं दिसायला लागलं. माझी तार त्याच्या भिंतीला न शिवता गेली, हे त्याला सोसलं नसणार.

त्याच आठवड्यात देवीच्या जत्रेची बैठक देवळात होती. वर्गणी, बैल, तमाशा, सगळं बोलून झालं. लोक उठायला लागले तसा मी उभा राहिलो. म्हणालो, "माझी तार तोडली कुणी ते ह्या मंडपात बसलंय. माझी बायको दम कोंडून मरत व्हती. तोडणाऱ्यानं देवीचा भंडारा उचलून सांगावं की म्या न्हाई तोडली."

सगळ्यांना कळलं मी कोणाबद्दल बोलतोय. भंडारा उचलून शपथ घ्यायला लावणं ही साधी गोष्ट नाही. लावणारा खोटा निघाला तर त्यानं गावादेखत तोंडानं सांगायचं आणि देवीपुढं नारळ फोडायचा, अशी आमच्याकडं रीत आहे. एक म्हातारे म्हणाले, "बस खाली. रागात बोलू नको." मी बसलो नाही.

धाकटा उठला. सावकाश गाभाऱ्यात गेला, मूठभर भंडारा उचलला, तो कपाळाला लावला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्या तोडली असंल तर माझं घर बसू दे." आणि पिवळ्या हातानं तसाच बाहेर निघून गेला. मागून कोणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं, "आता तरी पटलं का?"

मला पटलं नव्हतं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "लबाड माणूस देवाला पण भीत न्हाई."

 तिनं कोपऱ्यातली पिशवी काढली आणि त्यात लुगडी घडी करून ठेवायला लागली.

लायनमन आठ दिवसांनी आला. आधी वर खांबापाशी गेला. तिथं त्याच्या हातातल्या फोनमध्ये आवाज येत होता. "इथपर्यंत ठीक आहे, बाबा. इथं कोणी हात लावलेला नाही." मी म्हणालो, नीट बघा. त्यानं नीट बघितलं. मग तार कुठून गेली ते मी दाखवत पुढं चाललो आणि तो मागून. रस्त्याची कड ठीक होती. बांध ठीक होता. घराच्या वरच्या खाचरात आलो आणि तो थांबला.

खाचर काळं होतं. राबाची राख अजून तशीच होती, वर पावलांचे ठसे.

"बाबा," तो म्हणाला, "टिकाव द्या जरा."

मी दिला. त्यानं दोन घाव घातले. वीतभर खालून पाइप वर आला. पाइप म्हणण्यासारखं काही नव्हतं. काळं, वितळून दगडाला चिकटलेलं, आणि त्यातून तांब्याच्या दोन तारा उघड्या, करपलेल्या शेवयांसारख्या.

"हे भाजलं कोणी?"

"म्याच."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याला हसू आलं, त्यानं ते दाबलं, पण दाबता आलं नाही. मी खाली बसलो. चर खणताना कातळ लागला ती जागा मला माहीत होती. राबाची जागा मला माहीत होती. दोन्ही एकच जागा, हे चाळीस वर्षं तिथं उभा राहिलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. कारण मी तारेचा विचार करत होतो तेव्हा धाकट्याचा करत होतो, आणि राब पेटवला तेव्हा कशाचाच नाही.

लायनमनला गावातलं सगळं कळलेलं होतं. चहाच्या टपरीवर कळतंच. तो जवळ बसला आणि हळू म्हणाला, "उंदरानं खाल्ली असं लिहितो मी. कोणाला काय कळतंय? फक्त आता जमिनीतून नाही, बाबा. पाऊस येतोय. भिंतीवर हूक मारला तरच लागेल."

 तो त्याचा पट्टा आवळून गेला.

मी घराकडं वळलो तर बायको खाचराच्या बांधावर उभी होती. कधी आली मला माहीत नाही. तिनं तो वितळलेला पाइप बघितला होता, सगळं ऐकलं होतं.

"उंदीर," मी म्हणालो.

"व्हय का?"

मी खाली बघितलं.

"त्या दिशी धूर तुमचा व्हता," ती म्हणाली, "तारबी तुमचीच व्हती. आन् भंडारा त्यानं उचलला." दम लागला म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "मी उद्या सात वाजताच्या एसटीनं शिवऱ्याला जाते. अडवू नका."

"म्या गावात सांगितलं तर राहशील?"

"मला इचारून सांगणार का तुमी?"

रात्री जेवण दोघांनीही केलं. माझ्या मनात उंदीर बराच वेळ होता. सोपा होता. लायनमन बोलणार नाही, बायको बोलणार नाही. धाकट्याची शपथ तर झालेलीच, ती खरी धरली तरी माझं नाव कुठं येत नव्हतं. फक्त फोन लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची पिशवी घेऊन पुढं झालो. ती थांबत थांबत मागून आली. एसटीला सात-आठ माणसं उभी होती, भोरच्या बाजाराला जाणारी. समोर आपल्या घराच्या ओट्यावर धाकटा चहा पीत बसला होता. मी पिशवी खाली ठेवली. अकरा वर्षांनी त्याच्याकडं तोंड करून उभा राहिलो, पण शब्द सगळ्यांना ऐकू जातील असे काढले.

"तार म्या जाळली. राब पेटवला त्याच्या खाली व्हती. तू न्हाई तोडलीस. भंडारा तू खरा उचललास, खोटा म्या व्हतो. नारळ आज फोडतो."

 रांगेतली एक बाई तोंडावर पदर धरून हसली. धाकट्यानं कप खाली ठेवला.

"आता भिंत पाहिजे असंल," तो म्हणाला.

"व्हय."

"मला नको इचारू. घर तिच्या नावावर हाय, रंग तिनं दिलाय. तिला इचार."

ते तो मुद्दाम म्हणाला, आणि त्याला तसा हक्क होता. त्याची बायको म्हणजे माझी धाकटी भावजय. थोरल्या दिरासमोर तिनं पदर घ्यायचा आणि त्यानं तिच्याशी सरळ बोलायचं नाही, असं आमच्यात आहे. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला एक शब्द बोललो नव्हतो. पाणी पाहिजे असलं तरी कोणालातरी सांगून.

एसटी आली. बायकोनं खाली ठेवलेली पिशवी उचलली. पायरीवर चढून वळली.

"लेकीचा नंबर पाठ हाय का तुमाला?"

"न्हाई."

"मग माझा फोन येईल तो उचला. लागला तर."

एसटी गेली. बाजाराची माणसं गेली. मी ओट्याखाली पायताणं काढली. दाराआड लाल काठाचा पदर हलत होता. मी उंबऱ्याकडं बघून म्हणालो, "बाई, तुझ्या भिंतीत एक हूक मारू का?"